खडकातलं वाहतं पाणी रडारला दिसतं का?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं, की भेगाळ खडकातलं पाणी कुठून कुठे जातं याचा माग आता रडारने काढता येतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की आजचं सदर त्यांनाच देऊन टाकते. एकाच वळणाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रं छाटली आहेत.

प्रश्न : आमच्या जमिनीवर एकाने चाकांवरचं रडार फिरवलं आणि पडद्यावरची एक ठळक रेघ दाखवून ‘इथून पाण्याचा प्रवाह जातो’ असं सांगितलं. रडारला खरंच वाहतं पाणी दिसतं का?

नाही. पाणी दिसू शकतं, त्याचं वाहणं दिसत नाही.

जमिनीत सोडलेली रेडिओलहर खडकातून जाते आणि जिथे पदार्थाचा विद्युत गुणधर्म बदलतो, तिथून तिचा थोडा भाग माघारी फिरतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक नावाचा हा गुणधर्म हवेसाठी १, ग्रॅनाइटसारख्या खडकासाठी साधारण ५ ते ६ आणि पाण्यासाठी ८० च्या घरात असतो. जमिनीखाली एवढी मोठी तफावत क्वचितच मिळते, म्हणून पाण्याने भरलेली भेग रडारच्या चित्रात उठून दिसते. लहरीचा वेगही त्यानुसार बदलतो. हवेत ती नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जाते, ग्रॅनाइटमध्ये १३ च्या आसपास आणि पाण्यात जेमतेम ३.३. पण हे सगळं साचलेल्या पाण्याला जितकं लागू, तितकंच वाहत्या पाण्याला. भेगेतलं पाणी शंभर वर्षं जागचं हललं नसलं, तरी रेघ तितकीच ठळक उमटेल.

‘गाड्यांचा वेग मोजणारं रडार असतं, मग पाण्याचा वेग का मोजता येऊ नये?’ असंही एका पत्रात विचारलं आहे. तिथे लहर परत पाठवणारी गाडीच धावत असते. इथे लहर परतते ती भेगेवरून, आणि भेग जागची हलत नाही. पाण्यासोबत एखादा कण तासाला एक मीटर वेगाने पुढे सरकतो आहे असं घटकाभर धरलं, तरी १०० मेगाहर्ट्झच्या लहरीत त्यामुळे पडणारा फरक असा, की एका अख्ख्या कंपनाचं अंतर पडायला चाळीसेक मिनिटं लागतील. त्या नादाला कुणी लागत नाही.

तुम्हाला दाखवलेली रेघ भेगेची असू शकते. ती चिकणमातीने गच्च भरलेल्या फटीची किंवा दोन वेगळ्या थरांच्या सीमेचीही असू शकते. कधी कधी तर ती जमिनीखालची नसतेच. अँटेनाला वरून झाकण नसेल, तर जवळचं झाड, तारेचं कुंपण, विजेची तार यांच्यावरून आलेली लहरही त्याच चित्रात येऊन बसते. एकदाच रडार फिरवून ‘प्रवाह’ सांगणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

प्रश्न : मी भूभौतिकीची विद्यार्थिनी आहे. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी ग्रॅनाइटमध्ये मीटरभराहून जास्त येते. तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याहून लहान गोष्ट दिसत नाही, असं आम्हाला शिकवलं आहे. मग एक मिलिमीटरची भेग कशी दिसते?

चौथ्या हिश्श्याचा नियम दोन गोष्टी सुट्या ओळखण्यासाठी आहे. १० सेंटिमीटरच्या अंतरावर दोन समांतर भेगा असतील, तर या वारंवारतेला त्या वेगवेगळ्या दिसणार नाहीत, दोघींचं मिळून एकच परावर्तन येईल. पण एकटी भेग दिसेल की नाही, हा प्रश्न निराळा. ती किती ऊर्जा परत पाठवते आणि ती ऊर्जा उपकरणाच्या गोंगाटाच्या, म्हणजे त्यात आपोआप उमटणाऱ्या निरर्थक संकेतांच्या, वर राहते का, एवढ्यावर ते ठरतं.

गणित करून बघा, वहीचं अर्धं पानही लागत नाही. लहर भेगेवर सरळ येते असं धरा. भेगेची रुंदी भागिले खडकातली तरंगलांबी, त्याला π ने (म्हणजे ३.१४ ने) गुणा. मग पाण्याच्या स्थिरांकाला खडकाच्या स्थिरांकाने भागून त्यातून १ वजा करा, आणि त्यानेही गुणा. भेग तरंगलांबीच्या मानाने फारच अरुंद असते, तेव्हा परावर्तनाचं प्रमाण जवळजवळ एवढंच येतं. खडकाचा स्थिरांक ५.५ घेतलात तर तरंगलांबी सुमारे १.२८ मीटर, आणि मिलिमीटरभर पाण्यासाठी उत्तर येतं ३ टक्क्यांच्या थोडं वर. चांगल्या उपकरणाला हे सहज पुरतं.

आता त्याच भेगेतलं पाणी काढून हवा भरा. उत्तर ०.२ टक्क्यांवर येतं, तेही उलट्या चिन्हाचं. म्हणजे तीच भेग कोरडी झाली की सोळा-सतरा पटींनी फिकी पडते. म्हणूनच उपशाच्या चाचणीत पाण्याची पातळी भेगेच्या खाली उतरली, तर ते रडारला कळतं.

प्रश्न : ठळक रेघ म्हणजे जास्त पाणी, फिकी रेघ म्हणजे कमी पाणी, असं समजायला हरकत आहे का?

मोठी हरकत आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत महागात पडणारा समज हाच.

वरच्या गणितात परावर्तन भेगेच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतं. रुंदी दुप्पट झाली की परावर्तनही दुप्पट. पाण्याचा प्रवाह मात्र रुंदीच्या घनाच्या प्रमाणात जातो. रुंदी दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाखाली आठपट पाणी, दसपट झाली तर हजारपट. एक मिलिमीटरची एक भेग घ्या आणि तिच्या शेजारी ०.१ मिलिमीटरच्या दहा भेगा एकमेकींना खेटून आहेत असं समजा. रडारच्या चित्रात दोन्ही ठिकाणी सारखीच रेघ उमटेल. पाणी? त्या दहाजणी मिळून पहिलीच्या शंभराव्या हिश्श्याइतकं नेतील.

शिवाय भेग म्हणजे दोन गुळगुळीत काचांमधली सपाट फट नव्हे. तिचे दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात, काही ठिकाणी एकमेकांना टेकलेले, काही ठिकाणी दूर. त्या घनाच्या हिशेबामुळे पाणी अख्ख्या भेगेत पसरून न जाता थोड्याशा सैल वाटांनी निघून जातं. बाकीचं पाणी भेगेतच असतं, पण जवळजवळ जागच्या जागी. रडारला ते सगळं सारखंच भिजलेलं दिसतं.

चिकणमातीचं तर विचारूच नका. मातीने बुजलेली फट ओली असते, विद्युतवाहक असते आणि झकास परावर्तन देते. तिच्यातून पाणी मात्र थेंबभर जात नाही. उघडी भेग आणि बुजलेली भेग यांत नुसत्या रडारच्या जोरावर फरक करता येतो असं कुणी म्हणालं, तर बोअरमधून काढलेला खडकाचा गाभा किंवा बोअरमध्ये सोडलेल्या कॅमेऱ्याची चित्रं दाखवा म्हणावं.

प्रश्न : वाहणं दिसत नाही, रेघेवरून पाणी सांगता येत नाही. मग रडारने माग काढतात तो कसा?

पाण्यात मीठ घालून. खरंच, साधं सोडियम क्लोराइड.

मीठ विरघळलं की पाण्याचा स्थिरांक फारसा बदलत नाही, पण विद्युतवाहकता झपाट्याने वाढते. लिटरला तीनेक ग्रॅम मीठ टाकलं तर ती मीटरला अर्ध्या सीमेन्सच्या आसपास जाते. १०० मेगाहर्ट्झला एवढ्या वाहकतेचा परिणाम पाण्याच्या मूळ स्थिरांकाच्या तोडीचा असतो. पुन्हा तेच गणित केलं, तर गोड्या पाण्याच्या मानाने परावर्तन दीडपट होतं आणि लहर कंपनाच्या साधारण सातव्या हिश्श्याने सरकते. खारं पाणी जिथे पोचलं, तिथली रेघ पुसटशी बदलते. नुसत्या डोळ्यांना हा बदल दिसत नाही. त्यासाठी मीठ सोडण्याआधीचं मोजमाप आणि नंतरचं मोजमाप एकमेकांतून वजा करावं लागतं. ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’ या कोड्यासारखं हे काम आहे, फक्त इथे चित्रं शेकड्यांनी असतात आणि फरक गोंगाटाच्या जेमतेम वर असतो. न हलणाऱ्या सगळ्या गोष्टी या वजाबाकीत गळून पडतात. उरतं ते मिठाचं सरकणं, आणि त्यातून पाण्याची वाट.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला आल्टोना फ्लॅट रॉक इथे वालुकाश्म उघडा पडलेला आहे. त्यात सात-आठ मीटर खोलीवर जवळजवळ आडवी अशी एक भेग आहे. संशोधकांनी एका बोअरमधून तिच्यात खारं पाणी सोडलं, दुसऱ्यातून उपसा चालू ठेवला आणि वरून रडार फिरवलं. मीठ चौफेर पसरलं नाही, वाटा धरून गेलं. मागच्या उत्तरात मी ज्या सैल वाटा म्हटलं, त्या तिथे नकाशावर उमटल्या. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत समजण्याजोगा प्रयोग आहे. भेग आडवी, खोली कमी, वर मातीचं आवरण नाही, म्हणजे रडारला हवं ते सगळं तिथे आयतं जुळून आलेलं आहे.

खडक इतका सोयीचा नसेल, तर रडारला बोअरमध्ये उतरावं लागतं. उभ्या भेगांच्या बाबतीत तर जमिनीवरून पाहणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. लहर भेगेवर तिरकी आपटते आणि भलतीकडेच निघून जाते. न्यू हॅम्पशायरमधल्या मिरर लेक इथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचं भेगाळ खडकाचं संशोधनक्षेत्र आहे. तिथे एका बोअरमध्ये लहर सोडणारा अँटेना, दुसऱ्यात ती पकडणारा, अशी रचना करून मधल्या खडकातून लहर पाठवली गेली. खारं पाणी आडवं आलं की लहर क्षीण होते. कुठल्या खोलीवरून कुठल्या खोलीकडे जाणारी लहर किती क्षीण झाली, यावरून मिठाची जागा काढली.

फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतात प्लोमर इथल्या ग्रॅनाइटमध्ये एकाच बोअरमध्ये दोन्ही अँटेना ठेवून हेच काम झालं. खारं पाणी शेजारच्या बोअरमधून सोडलं होतं. बोअर न छेदणाऱ्या भेगाही या रीतीने दिसतात, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा, की साधा अँटेना चौफेर सारखाच पाहतो. भेग बोअरपासून १५ मीटरवर आहे हे कळतं, पण कुठल्या दिशेला ते कळत नाही. दिशा ओळखणारे अँटेना आहेत, पण ते महाग आणि हट्टी.

प्रश्न : पण हे सगळं पिण्याच्या पाण्याच्या विहिरींत करायचं? मीठच का, दुसरं काही का नाही?

काळजी रास्त आहे. पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव कळायला लागते, आणि लिटरला तीन ग्रॅम मीठ म्हणजे त्याच्या कितीतरी पट. म्हणून प्रयोग शक्यतो असा आखतात, की सोडलेलं खारं पाणी उपशाच्या बोअरमधून परत बाहेर यावं. जवळ वापरातल्या विहिरी असतील, तर त्या वापरणाऱ्यांची संमती आणि संबंधित खात्याची परवानगी आधी घ्यायची. मी तिथे काम करत असते तर संमतीशिवाय पिशवी उघडली नसती.

मिठाला पर्याय शोधताना अडचण येते. फ्लुरोसीनसारखा रंग अगदी कमी मात्रेतही ओळखता येतो, पण तो पाहायला प्रकाशाचं उपकरण लागतं. रडारला त्याचा पत्ताच लागत नाही. कोमट पाण्याने थोडा फरक पडतो, मात्र उष्णता खडकात मुरते आणि खूण लवकर पुसली जाते.

मिठाची खरी खोड वेगळीच आहे. खारं पाणी जड असतं. भेग तिरकी असली तर ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर जाण्याऐवजी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, आणि आपण नैसर्गिक वाट म्हणून मिठाची वाट काढून बसतो. प्लोमरच्या प्रयोगांत हे खाली उतरणं दिसलं, तेव्हा पुढे तिथल्या मंडळींनी खाऱ्या पाण्यात इथेनॉल मिसळलं. इथेनॉल पाण्याहून हलकं, मीठ जड. दोघांचं प्रमाण जुळवलं की मिश्रण भूजलाइतक्याच वजनाचं होतं आणि त्याच्यासोबत निमूट चालतं. युक्ती इतकी साधी आहे, की आधी कशी सुचली नाही याचं नवल वाटतं.

प्रश्न : रडार किती खोल पाहू शकतं?

वर ओली चिकणमाती असेल तर मीटरभरातच संपतं. उघड्या, घट्ट ग्रॅनाइटवर १०० मेगाहर्ट्झने वीस-तीस मीटर मिळू शकतात. बोअरमध्ये उतरलात तर खोलीचा प्रश्न उरत नाही. बोअरपासून किती दूरवर दिसतं, एवढंच विचारायचं. वारंवारता कमी केली तर लांबचं दिसतं, पण बारकावे जातात.

प्रश्न : त्या लहरींचा शरीराला धोका आहे का? रडार म्हटलं की घरातले घाबरतात.

या अँटेनाची शक्ती फार थोडी असते आणि लहरी रेडिओच्या पट्ट्यातल्या असतात. क्ष-किरणांसारखं यात काही नाही. बोअरच्या तोंडाशी वाकताना तोल सांभाळा, धोका तिथे आहे.

प्रश्न : खडकातल्या भेगांवर एवढा खर्च कोण आणि कशाला करतं? पाण्यासाठी एवढं?

सुरुवात पाण्यासाठी झाली नाही. अणुभट्ट्यांतला किरणोत्सर्गी कचरा हजारो वर्षं सुरक्षित राहील असा खडक हवा होता, आणि अशा खडकातून कचरा बाहेर आणू शकणारं वाहन एकच, भेगांमधलं पाणी. स्वीडनमधल्या स्ट्रिपा इथल्या बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीत १९८० ते १९९२ या काळात आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला. बोअरमध्ये उतरवायचं रडार खऱ्या अर्थाने तिथे घडलं. कमी वारंवारतेचे अँटेना वापरून ग्रॅनाइटमध्ये शंभरेक मीटरपर्यंतच्या भेगांचे पट्टे तिथे पाहता आले, आणि खारं पाणी सोडून रडारने त्याचा माग काढण्याचे प्रयोगही झाले. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिमझेल इथे डोंगराच्या पोटात १९८४ पासून अशीच प्रयोगशाळा आहे. ज्यांना पाणी वाहायला नको होतं, त्यांनी पाण्याचा माग काढायची रीत घडवली. आज ती दूषित भूजलाच्या आणि भूऔष्णिक ऊर्जेच्या कामातही वापरतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या आवारात ग्रॅनाइटमध्ये घेतलेले दोन बोअर आहेत, एकमेकांपासून आठ मीटरवर. विद्यार्थ्यांकडून असा प्रयोग करून घेता येईल का? कशाची काळजी घ्यावी?

जरूर करून घ्या. आठ मीटर अंतर छान आहे.

आधी केसिंग, म्हणजे बोअरमध्ये बसवलेली आधाराची नळी, पाहा. लोखंडी असेल, तर तेवढ्या उंचीत रडार आंधळं, पीव्हीसी असेल तर अडचण नाही. त्यानंतर दोन बोअर खाली एकमेकांपासून किती फाकले आहेत, ते मोजून घ्या. वर आठ मीटर आणि खाली साडेनऊ असं सर्रास असतं, आणि हे न मोजता केलेला हिशेब फुकट जातो. अँटेना वर-खाली करायची केबल प्रकाशतंतूची असावी. तांब्याच्या केबलवरून लहर धावते आणि चित्रात खोट्या रेघा उमटवते. भिजल्यावर आणि ताणल्यावर केबलची लांबी बदलते, म्हणून दर फेरीला खोलीची खूण एखाद्या पक्क्या जागेवरून तपासायची. वजाबाकीच्या कामात पाच सेंटिमीटरची घसरणही मिठासारखीच दिसते.

मुलांना मीठ टाकायची घाई असते. थांबवा. उपसा सुरू करून पाण्याची पातळी स्थिर होऊ द्या, मग मीठ न टाकता निदान तीन फेऱ्या घ्या आणि त्या एकमेकींतून वजा करा. जो फरक उरेल तो तुमचा गोंगाट. मिठाचा फरक त्याच्या वर आला तरच मानायचा. या फेऱ्या गाळून मीठ ओतणं म्हणजे आधी कळस, मग पाया.

एका फेरीला लागणारा वेळ आणि मिठाला आठ मीटर जायला लागणारा वेळ यांची सांगड घाला. फेरी अर्ध्या तासाची आणि मीठ तासाभरात पलीकडे, असं झालं तर चित्रात वरचा भाग एका वेळेचा आणि खालचा दुसऱ्याच वेळेचा येतो. उपसा कमी करा, किंवा बोअरचा ठरावीक तुकडाच पुन्हा पुन्हा पाहा. मीठ टाकीत पूर्ण विरघळवून, गाळून मगच सोडा. पाणी मिळालं तर त्याच बोअरचं वापरा, म्हणजे तापमानाचा फरक मध्ये येत नाही.

आणि उपशाच्या पाण्यात विद्युतवाहकता मोजणारा मीटर सुरुवातीपासून ठेवा. रडार वाट दाखवतं, पण किती मीठ परत आलं हे मीटरच सांगतो. मीठ एका झटक्यात येईल आणि मग बराच वेळ थोडं थोडं येत राहील. ते रेंगाळणारं मीठ भेगेच्या बंद कोपऱ्यांतून आणि खडकाच्या बारीक छिद्रांतून सुटत असतं. मुलं कंटाळतील, त्यांना पाळ्या लावून द्या. वाहकता मूळ आकड्यावर आल्याशिवाय पंप बंद करू देऊ नका.